दात आंबले म्हणजे दात सांगून राहिले, थांब

मागच्या महिन्यात काटोलहून माझी भाची आली. येताना घरच्या बागेतली संत्री घेऊन आली, अंबिया बहाराची, सालीला नख लावलं की घरभर वास. दुपारी गच्चीवर उन्हात बसून आम्ही सगळे सोलून खाऊन राहिलो होतो आणि ही पोरगी मात्र हात मांडीवर ठेवून बसलेली. "काहून गं, तू नाही खात?" म्हटलं. तर म्हणे, "मावशी, दात आंबले आहेत." एकही फोड तोंडात टाकली नाही आणि दात आंबले? खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूच बोलली. तीन आठवड्यांपासून रोज सकाळ-संध्याकाळ लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून दात घासत होती. मधल्या दिवसांत संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड. आणि मोबाईलवर कोणीतरी दाखवलं म्हणून वरून कोळशाची पावडर. आता माठातलं पाणीसुद्धा कोमट करून प्यावं लागतं.

कारण काय, तर लग्नाचं जुळून राहिलं आहे. फोटो पाहून समोरच्या घरातल्या एक बाई म्हणाल्या म्हणे, "मुलगी छान आहे, दात तेवढे पिवळे वाटतात." एवढंच वाक्य. बी.एस्सी. झालेली मुलगी, पण त्या एका वाक्यानं आरशासमोर उभी राहून दात खरवडू लागली. मला त्या बाईंचा राग आला, अजूनही आहे. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की घरात कोणी तिला सांगितलं नाही की दाताचा रंग मुळात पांढराशुभ्र नसतोच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सोमवारी शाळेतून पीएच पेपरच्या चार पट्ट्या आणल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिच्यासमोरच बुडवल्या. लिंबाच्या रसात पट्टी लालभडक, म्हणजे पीएच २ च्या आसपास; हा आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त. संत्र्याच्या रसात नारिंगी, साडेतीन-चारच्या मध्ये. मग ती रोज करायची तसं अर्ध्या लिंबात चिमूटभर सोडा टाकायला लावलं. फसफसून आलं. "हेच तर, यानंच मळ निघतो," ती म्हणाली. नाही गं बाई. लिंबातलं आम्ल आणि सोडा एकमेकांना भिडले की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, तो हा फेस. त्याचा मळाशी काही संबंध नाही. आणि फेस बसल्यावर पट्टी परत बुडवली तर रस अजूनही आंबटच निघाला, कारण चिमूटभर सोडा अर्ध्या लिंबाला पुरतच नाही. दाताच्या वरच्या आवरणाचे, एनॅमलचे, क्षार पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतात. म्हणजे ती आधी आम्लानं दात मऊ करत होती आणि लगेच त्याच मऊ दातावर ब्रश अन् कोळसा घासत होती. मऊ झालेला थर लाळेतल्या क्षारांमुळे काही वेळानं सावरतो, म्हणून आंबट खाल्ल्यावर निदान अर्धा तास ब्रश करू नये म्हणतात. पण घासून गेलेला थर परत येत नाही. एनॅमलमध्ये जिवंत पेशीच नसतात, ते बनवायला शरीराकडे नंतर काही उरत नाही.

आणि यातली सगळ्यात उलटी गोष्ट ही, की एनॅमल थोडं पारदर्शक असतं आणि त्याच्या आतला थर, डेंटिन, मुळातच पिवळसर असतो. वरचा थर जितका झिजेल तितका आतला पिवळा जास्त दिसणार. पांढरं करायला जाऊन पोरगी दात पिवळे करत होती.

आपल्या भाषेनं हे कधीचं ओळखलेलं आहे. चिंच खाल्ली, कैरी खाल्ली की आपण "दात आंबले" म्हणतो आणि हात आखडता घेतो. तीच गोष्ट उपाय म्हणून कोणी सांगितली की मात्र कळ सोसून रोज करतो.

इथे नागपुरात मेडिकल चौकाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथल्या ओपीडीत घेऊन गेले. तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमनी एक पट्टी काढली, तिच्यावर छोटे छोटे सोळा खोटे दात ओळीनं लावलेले, प्रत्येकाची छटा वेगळी. त्यातला एकेक दात भाचीच्या समोरच्या दाताशी धरून हातात आरसा दिला. जुळला तो ए-टू, अगदी नेहमीची छटा, चार माणसांत असते तशी. पिवळं दिसत होतं ते वेगळंच. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूनं किटण साचलं होतं आणि फटींमध्ये चहाचे डाग. स्केलिंगनं, म्हणजे दवाखान्यात किटण खरवडून काढतात त्यानं, अर्ध्या तासात निघालं. लिंबाची काही गरजच नव्हती.

स्केलिंगनं दात हलतात, फटी पडतात, ही समजूत आपल्याकडे घराघरात आहे. फट किटणानं भरलेली असते, ते निघालं की दिसते एवढंच. हलणारा दात किटणानं हिरडी सोडवल्यामुळे हलत असतो. माझी आई याच भीतीनं कधी गेली नाही आणि साठीच्या आत कवळीवर आली, म्हणून हे मी जीव तोडून सांगते.

डाग कशाचा आहे हे कळल्याशिवाय उपाय निवडायचाच नाही, असं माझं ठाम मत आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगा होता, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, वसतिगृहात राहायचा. हसताना नेहमी तोंडावर हात. समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे. मी त्याला वर्गासमोर म्हटलं, दात नीट घासत जा. तो घासायचाच, पार हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायचा. चंद्रपूर, यवतमाळकडच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये, आणि लहानपणी असं पाणी पोटात गेलं की दात हिरडीखाली तयार होतानाच त्यात डाग बसतो. तो डाग दातावर नसतो, दातातच असतो. कोणतंही मंजन त्याला काढू शकत नाही. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. त्या मुलाची क्षमा मागायला आज पत्ता नाही माझ्याकडे.

आता घरी काय करता येतं? मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी पेस्ट, दोन वेळा, हलक्या हातानं. 'व्हाइटनिंग' लिहिलेल्या पेस्टा वरवरचे चहाचे डाग काढतात, काहींमध्ये निळसर रंगद्रव्य असतं त्यानं दात तेवढ्यापुरते पांढरे भासतात; आतला रंग त्या बदलत नाहीत. नुसता सोडा तसा फार खरखरीत नाही, कधीमधी चालेल, लिंबाशिवाय. कोळसा आणि राखुंडी बोटांच्या चिमटीत चोळून पाहा, जे बोटाला टोचतं ते दाताला टोचणारच. तेलाच्या गुळण्यांनी दात पांढरे होतात याला भक्कम पुरावा नाही.

खरंच रंग उजळवतं ते पेरॉक्साइड. दाताचं माप घेऊन पातळ ट्रे करतात, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, रात्री लावून झोपायचं, दोन-तीन आठवडे. हे घरीच करायचं असलं तरी डॉक्टरांनी तोंड तपासल्यावर. किडका दात असेल, हिरडी सुजलेली असेल तर आधी ते. थोडे दिवस कळ येऊ शकते. कॅपचा किंवा दातात भरलेल्या सिमेंटचा रंग यानं बदलत नाही, तेव्हा समोर एखादी कॅप असेल तर ती वेगळीच दिसायला लागेल. अठरा वर्षांखालच्यांनी आणि गरोदर बाईनं नाही. ज्या डबीवर किती टक्के ते लिहिलेलंच नाही, ती ऑनलाइन कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. युरोपात ६ टक्क्यांच्या वर हायड्रोजन पेरॉक्साइड दातासाठी विकूच देत नाहीत (वरचं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे साधारण साडेतीन टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड).

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला, खाणाऱ्या माझ्या भावांनो, तुमचे डाग स्केलिंगनं निघतील, महिनाभरात परत येतील. खरा प्रश्न तो नाहीच. आरशासमोर तोंड उघडा आणि तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तिखट लागून तोंडाची आग होत असेल, किंवा पांढरा-लाल चट्टा पंधरा दिवसांत गेला नसेल, तर उद्याच दाखवा. ती सुपारी गाल आतून आवळत जाते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका तिशीच्या पोराला आज पोळीचा घास मोठा करता येत नाही.

भाचीची कळ आता बरीच कमी आहे. पूर्ण थांबली तर फेब्रुवारीत ट्रेचं माप घेऊ, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं आहे. घ्यायचं की नाही ते ती ठरवेल, लग्न वैशाखात आहे. काल फोनवर म्हणाली, "मावशी, आज अर्धं संत्रं खाल्लं, वरून नुसती चूळ भरली, ब्रश नाही केला."