रामाला वगळून

यादीत नाव घालायला अक्कल लागत नाही. संगणकाला हुकूम लिहून द्यायच्या बॅश या भाषेत अधिक, बरोबर आणि कंसात नाव लिहिलं की माणूस आत. काढायचं म्हटलं की मात्र लग्नाच्या यादीतून आत्याच्या नणंदेला वगळताना घरात जे होतं तेच सुरू होतं, फक्त इथे रडायला आपण एकटेच असतो.

निमित्त अण्णांच्या भजनी मंडळाचं. मंडळी सत्तरी ओलांडलेली, पण मुलं परदेशात असल्यामुळे प्रत्येकाकडे ईमेल आहे. भजनाचा वार-वेळ कळवायला मी एक छोटी बॅश स्क्रिप्ट करून दिली होती, तिच्यात सगळ्यांच्या नावांची क्रमवार यादी, म्हणजे अ‍ॅरे. पेटीवाल्या रामकाकांची पंचाहत्तरी गुपचूप साजरी करायचं ठरलं आणि अण्णांनी फर्मान काढलं, "रामला सोडून सगळ्यांना मेल टाक. दोन मिनिटांचं तर काम."

बॅशमध्ये 'अनसेट' नावाचं हत्यार आहे. मोजणी शून्यापासून, म्हणून तिसऱ्या रामकाकांना काढायला 'दोन' म्हणायचं. काका गेले, पण त्यांच्या मागचे कुणी पुढे सरकले नाहीत! एकनंतर थेट तीन. एकूण किती विचारलं, तर बॅश इमानदारीत एक कमी सांगतो. मग शून्यापासून तेवढे आकडे मोजत निघालेला लूप (तेच काम एकेकासाठी पुन्हा पुन्हा करणारा हुकूम) रिकाम्या खुर्चीलाही "सप्रेम नमस्कार" घालतो आणि शेवटच्या शांतारामकाकांच्या अलीकडेच थांबतो. मेल टाकण्याआधी यादी छापून बघायची मला सवय आहे, म्हणून शांतारामकाकांचा रुसवा टळला.

मग इंटरनेटवरचा तो लोकप्रिय एका ओळीचा उपाय. महिरपी कंसात अ‍ॅरे, पुढे तिरकी रेघ, रेघेपुढे 'राम'. दिसायला इतका देखणा, की संशयच येऊ नये. यादी छापली. परशुरामाचा राम गेला आणि नुसता परशु राहिला. आत्मारामांचा आत्मा झाला (त्या वयात हा विनोद कुणालाच आवडला नसता). रामदास दास झाले, आणि शांतारामकाकांची, आयुष्यभराच्या मिशांसकट, शांता झाली. खुद्द रामकाका? ते तिथेच. नाव पुसलेलं, जागा शाबूत, एकूण आकडा जसाच्या तसा. कारण ही रेघ माणूस काढतच नाही. ती प्रत्येक नावातली तेवढी अक्षरं खोडते.

ओळी शोधून देणाऱ्या ग्रेप या हुकमाला 'उणे व्ही' हा पर्याय देऊन पाहिलं. तो तर राम असलेली अख्खी ओळच गाळतो, म्हणजे निम्मं मंडळ घरी. उणे एक्स जोडलं की संपूर्ण ओळ जुळली तरच गाळतो, पण त्यासाठी अ‍ॅरेच्या ओळी करा, गाळा, पुन्हा अ‍ॅरे करा. बॅशचा पूर्वज असलेल्या 1979 सालच्या बोर्न शेलमध्ये अ‍ॅरे हा प्रकारच नव्हता. त्या काळचे लोक सुखी असणार.

शेवटी सरकारी कारकुनासारखं सरळ बसावं लागतं. नवी कोरी यादी घ्यायची, जुनीतला एकेक माणूस पुढे बोलवायचा, "तू राम का?" विचारायचं आणि नसेल त्याला नव्या यादीत उतरवायचं. एका माणसाला वगळायला बाकी सगळ्यांची नव्याने भरती! पण परशुराम सहीसलामत, शांताराम मिशांसह हजर, मध्ये भोक नाही. यादीत आता खरोखरच काही राम उरला नव्हता.

छापील कागद अण्णांच्या हातात दिला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वरून खाली बोट फिरवलं. मग खालून वर.

"अरे, पखवाजवाला राम कुठाय? पंचाहत्तरी पेटीवाल्याची आहे!"