मशरूमला पाण्याचं वावडं नाही

‘मशरूम चुकूनही धुऊ नका’ या वाक्याने सुरू होणारा एक मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी तो नव्याने पाठवतं. मजकूर थोडक्यात असा: मशरूम स्पंजसारखे पाणी पितात, म्हणून फक्त ओल्या फडक्याने पुसा, मीठ अगदी शेवटी घाला, दोन-तीन मिनिटांच्या वर शिजवू नका, रबर होतात, उरलेले पुन्हा गरम करू नका, विष होतं, आणि शंका आलीच तर पातेल्यात चांदीचा चमचा बुडवून बघा, काळा पडला तर मशरूम विषारी. हे सगळं खरं मानून एकेक मशरूम पुसत बसण्यात मी बऱ्याच संध्याकाळी घालवल्या आहेत. तेव्हा उत्तर देताना थोडा राग दिसला तर समजून घ्या.

स्पंजपासून सुरुवात करू. साध्या पांढऱ्या बटन मशरूममध्ये १०० ग्रॅमला सुमारे ९२ ग्रॅम पाणीच असतं. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? घरात वजनकाटा असेल तर वाद घालायचीही गरज नाही. अख्खे मशरूम तोला, पाच मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, चाळणीत निथळू द्या, फडक्यावर लोळवा आणि पुन्हा तोला. वजन वाढतं, नाही असं नाही. पण १०० ग्रॅममागे मोजके काही ग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं नुसतं वरून चिकटलेलं. म्हणजे फार तर चमचाभर. ते मशरूम कढईत पडले की स्वतःचं जे पाणी सोडतात, त्यापुढे हा चमचा काहीच नाही. बरं, पुसताना आपण ज्या काळ्या कणांशी झटापट करतो ते बहुतेक वेळा मशरूम ज्या कंपोस्टवर वाढवतात, त्यावर पसरलेल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या, थराचे असतात. वाहत्या पाण्याखाली बोटाने हलकं चोळलं की अर्ध्या मिनिटात जातात.

मेसेजच्या बाजूने दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. चिरल्यावर धुऊ नयेत, कारण कापलेल्या बाजूने आणि टोपीखालच्या पापुद्र्यांतून पाणी खरंच आत शिरतं. धिंगरीचे, म्हणजे ऑयस्टर मशरूमचे, पापुद्रे तर उघडेच असतात, त्यामुळे तिला नळाखाली धरून लगेच झटकायचं, बुडवून ठेवायचं नाही. दुसरं म्हणजे धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नयेत, बुळबुळीत होतात. शिजवायच्या वेळी धुवावेत, एवढंच.

मग मशरूम पाणचट होतात ते कशाने? कढईने. खरं तर आपल्या घाईने. पाणी १०० अंशांना उकळतं आणि कढईत ते आहे तोवर फोडींचं तापमान त्याच्या वर जात नाही. तांबूस रंग आणि तो खमंग वास यायला साधारण १४० अंश लागतात. एवढ्याशा कढईत अर्धा किलो मशरूम कोंबले तर ते परतले जातच नाहीत, आपल्याच पाण्यात उकडतात. आणि नेमकं तेव्हाच आपण घाबरून गॅस बंद करतो: ‘बघा, धुतले म्हणून किती पाणी सुटलं!’

त्या वेळी बंद करायचा नसतो. पसरट कढई घ्या, आच मोठी ठेवा आणि कान द्या. पहिल्या मिनिटात उलथन्याखाली फोडी चक्क कुईकुई करतात. मग तळाशी पाणी दिसू लागतं, खदखद सुरू होते, फोडी आक्रसून निम्म्या होतात आणि सगळा ऐवज करड्या रंगाचा, अगदीच केविलवाणा दिसतो. इथेच धीर धरायचा. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, खदखद थांबते आणि चरचर ऐकू येते. पाणी संपल्याची ही खूण. आता तेल किंवा लोणी घाला, फोडी पसरवा आणि मिनिट-दोन मिनिटं हात आवरा. सारखं ढवळलं तर खालची बाजू तांबूस होणार कधी?

तेल इतक्या उशिरा घालण्याला कारण आहे. कच्च्या फोडीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. सुरुवातीलाच तेल ओतलं तर ते या पोकळ्यांत मुरतं, कढई कोरडी दिसते, आपण आणखी ओततो आणि शेवटी सगळं तेलकट होतं. पोकळ्या आधी बसू दिल्या की तेल कमी लागतं. मी तर हल्ली सुरुवातीला पाव वाटी पाणी मुद्दाम घालतो. त्या वाफेने फोडी लवकर आक्रसतात, पाणी आटतं आणि मग चमचाभर तेलात काम भागतं. ज्या पाण्याला आयुष्यभर घाबरलो तेच कामी यावं, याची गंमत वाटते.

मिठाचं फार मनावर घेऊ नका. आधी घातलं तर पाणी लवकर सुटतं, नंतर घातलं तर उशिरा. आटवायचं दोन्ही वेळी आहेच. शेवटी घालण्याचा खरा फायदा मेसेजमध्ये लिहिलेलाच नाही. कच्चा ढीग बघून अंदाजाने मीठ टाकलं की ढीग निम्मा होतो आणि मीठ तेवढंच राहतं.

दोन-तीन मिनिटांचा नियम मात्र नुसता चुकीचा नाही, काही बाबतीत धोक्याचा आहे. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच द्रव्य. ते उष्णतेने विरघळत नाही. म्हणून भाजी जास्त शिजून गिचका होते तसं मशरूमचं होत नाही, आणि मांसासारखे ते आवळून कडकही होत नाहीत. वाफेवर तब्बल ४० मिनिटं ठेवले तरी खाण्यासारखे राहतात. दाताखाली कुईकुई करणारा तो रबरीपणा बहुतेक वेळा अर्धवट शिजवल्याचा असतो.

धोका म्हणाल तर शिटाके हे जपानी स्वयंपाकातले मशरूम कच्चे किंवा अर्धकच्चे खाल्ले तर काहींच्या अंगावर चाबकाचे फटके बसल्यासारखे लाल वळ उठतात. जपानमध्ये १९७७ सालीच याची वैद्यकीय नोंद झाली आहे. गुच्छी, म्हणजे मोरेल हे रानटी मशरूम, तर त्याहून वाईट. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या माँटाना राज्यात एका रेस्टॉरंटमधल्या कच्च्या आणि अर्धकच्च्या गुच्छींमुळे ५१ जण आजारी पडले आणि दोघांचा जीव गेला. नीट शिजवा, वेळ लागला तर लागू द्या.

पुन्हा गरम करण्यात विष नाही. विषबाधा होते ती शिजवलेले मशरूम तासन्‌तास ओट्यावर तसेच राहिल्याने, त्यात जंतू वाढल्याने. फ्रिज नव्हते तेव्हा ‘उरले तर टाकून द्या’ हे शहाणपणच होतं. आता निवले की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत गरम करा आणि खा.

राहिला चांदीचा चमचा. एवढा एक मुद्दा मेसेजमधून काढला तरी पुण्य लागेल. डेथ कॅप या अत्यंत विषारी मशरूममधली अमाटॉक्सिन नावाची विषं चांदीला काळं करत नाहीत आणि उकळून, तळून नष्टही होत नाहीत. चव घाणेरडी असते म्हणावं तर तेही नाही. उलट्या-जुलाब सुरू होतात साधारण ६ ते २४ तासांनी, मधे काही काळ बरंही वाटतं, आणि तोवर यकृताचं नुकसान चालू झालेलं असतं. रानातला मशरूम जाणकाराने हातात घेऊन ओळखलेला नसेल तर तो घरात आणायचाच नाही. त्याला स्वयंपाकघरातली कुठलीच परीक्षा नाही. चांदी काळी पडते ती गंधकाने. उकडलेल्या अंड्यानेही पडते, आणि अंडं विषारी असतं असा मेसेज अजून तरी मला आलेला नाही.