बोकड गेले, शेपूट राहिले

चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचे बुधवार आणि रविवार खाटकाच्या दुकानासमोरच्या लाकडी बाकावर जातील, असे पूर्वी कोणी म्हटले असते, तर मी त्याला अंगठे धरून उभे केले असते. आता मी स्वतःच तेथे बसलेला असतो. हातात कापडी पिशवी असते, पिशवीत स्टीलचा डबा असतो, आणि मी मटणासाठी नव्हे, तर शेपटासाठी थांबलेला असतो.

याचे मूळ माझ्या आईच्या गुडघ्यांत आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिचे गुडघे दुखू लागले (म्हणजे दुखत ते पूर्वीपासूनच होते, परंतु ऐकून घेणारा रिकामा मुलगा तिला माझ्या निवृत्तीनंतरच मिळाला), तेव्हा शेजारच्या बायकांनी तिला पायाचा रस्सा सुचवला. आईने तो दोन दिवस घेतला आणि तिसऱ्या दिवशी वाटी सरकवून जाहीर केले, की हे आपल्याच्याने होत नाही, आपल्याला शेपूट पाहिजे. औसा तालुक्यातील आमच्या गावी बोकडाचे वाटे पडत, तेव्हा शेपूट कोणत्याच वाट्यात धरले जात नसे. वाटे करणाराच्या मर्जीने ते कोणाच्या तरी ढिगावर वरून टाकले जाई, आणि वडिलांची गावात ऊठबस असल्यामुळे ते बहुधा आमच्या घरी येई. "लगीन करून आले तवा तुझे वडील शेपूट मपल्याच ताटात घालायचे," असे आईने सुनेदेखत सांगितल्यानंतर विषय वैद्यकीय राहिला नाही. शिवाय तिला ते सणावारी नको होते. वरण-भाताबरोबर तोंडी लावायला, शेंगदाण्याच्या चटणीच्या शेजारी, दोन-तीन तळलेले तुकडे हवे होते. "त्यात काय एवढं," असे मी म्हणालो. हे तीन शब्द मी परत घेऊ इच्छितो.

पहिली अडचण घरातलीच होती. आमची सौभाग्यवती माळकरी आहे. स्वयंपाकघरात लसूण जपून वापरला जातो, तेथे शेपूट नेण्याचा प्रश्नच नव्हता. "तुमच्या आईचं तुम्ही बघा, माझं पांडुरंग बघतो," एवढ्या एका वाक्यात तिने खात्यांची वाटणी केली. मागच्या बाजूच्या पत्र्याच्या पडवीत जुनी शेगडी, एक कुकर, एक लोखंडी कढई आणि एक झारा अशी माझी वेगळी चूल मांडली गेली. चुकून घरात शिरू नयेत म्हणून या भांड्यांच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका आहे. माझ्या बुडाला तो अजून लावलेला नाही, इतकेच.

दुसरी अडचण वारांची आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार तुळजापूरच्या आईचे, गुरुवार दत्ताचा. शनिवार तर मारुतीचा, आणि शेपटाच्या बाबतीत त्या देवाला दुखवणे कोणत्याच दृष्टीने शहाणपणाचे नाही. राहिले बुधवार आणि रविवार. त्यांतूनही एकादशी, संकष्टी आणि संपूर्ण श्रावण वजा करावा लागतो.

परंतु खरी परीक्षा दुकानात असते. सोललेले बोकड आकड्याला टांगताना खाटीक शेपूट मुद्दाम ठेवतो, आणि त्यावरचे केसही काढत नाही. शेळीचे शेपूट आखूड आणि वर वळलेले असते, मेंढीचे खाली लोंबते. कातडे काढल्यावर दोन्ही प्राणी सामान्य गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात, म्हणून हे शेपूट म्हणजे मेलेल्या बोकडाचे जातप्रमाणपत्र असते. आमच्या भागात बोकड म्हणजे अर्थातच उस्मानाबादी, बहुधा काळेभोर. त्यामुळे आकड्यावरच्या त्या लालसर देहाच्या टोकाला काळ्या केसांचा झुपका शोभून दिसतो. (2023 मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. तिचे कागदपत्र बदलायला कोणी गेले नसावे.) आता प्रमाणपत्र आधीच काढून मला दिले, तर पुढच्या गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवायचा? म्हणून खाटीक मला अत्यंत आदराने सांगतो, "बसा की सर. अजून अर्धं बोकड हाय." आणि मी बसतो. माझ्या डोळ्यांसमोर सीना जातो, चापा जातात, मांडी जाते, गर्दन जाते. बोकड पाव-पाव किलोने संपत जाते आणि शेवटी आकड्यावर शेपूट आणि बाकावर मी, असे दोघेच उरतो.

याच बाकावर एकदा माझा जुना विद्यार्थी भेटला. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसत असे. आता मोटारीतून उतरला आणि थेट माझ्या पाया पडला. खाटकाच्या दुकानासमोर कोणी पाया पडले, तर आशीर्वाद काय द्यावा, हे मला अजून सुचलेले नाही.

"सर, तुम्ही आधी घ्या की. किती पाहिजे?"

"मला शेपूट पाहिजे."

तो थोडा वेळ माझ्याकडे आणि थोडा वेळ आकड्याकडे पाहत राहिला. "नुसतं?"

"नुसतं."

"सर, तुम्ही आम्हाला दहावीला शिकवलं होतं, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणून," तो गहिवरून म्हणाला, "पण खरा अर्थ आज कळला बघा." त्याने स्वतःसाठी दोन किलो मटण घेतले. त्यामुळे माझी वाट निदान दोन किलोंनी कमी झाली, ही गुरुदक्षिणा मी मानून घेतली. किलोला सातशे-आठशे रुपये मोजणाऱ्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा करणे बरे नव्हे.

तळण्याचा पहिला प्रयोग फसला, त्याला माझा मस्कतला नोकरी करणारा भाचा जबाबदार आहे. त्याने फोनवर सांगितले, की मामा, शेपूट सरळ कढईत टाका, स्वतःच्या चरबीत तळून निघते. तो बोलत होता दुंब्याबद्दल. दुंबा म्हणजे चरबीच्या शेपटाची मेंढी. तिचे शेपूट म्हणजे पाठीमागे बांधलेली चरबीची गाठोडीच असते. इराणपासून मध्य आशियापर्यंत लोक ही चरबी वितळवून तिच्यात स्वयंपाक करतात आणि उझबेकिस्तानात तर मांसाच्या तुकड्यांमध्ये तिचे तुकडे ओवून निखाऱ्यावर भाजतात. इ. स. पूर्व 5व्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे, की अरबस्तानात काही मेंढ्यांची शेपटे तीन-तीन हात लांब असतात, आणि ती जमिनीवर घासून जखमा होऊ नयेत म्हणून मेंढपाळ प्रत्येक शेपटाखाली एक छोटा गाडा बांधतात. उस्मानाबादी बोकडाचे शेपूट जेमतेम वीतभर असते. त्याखाली गाडा बांधायचा, तर तो काड्यापेटीचा करावा लागेल. त्यात चरबी नावापुरती. बाकी सगळे मणके, कूर्चा, स्नायुबंध आणि चिवट कातडी. भाच्याच्या सल्ल्याप्रमाणे ते कच्चेच तळले, तेव्हा बाहेरून तांबूस, देखणे झाले. आईने एक तुकडा तोंडात घेतला, बराच वेळ विचार केला आणि तो अलगद ताटाच्या कडेला ठेवून विचारले, "दादा, ही सायकलची ट्यूब कुठून आणलीस?"

मग मी शिस्तीत शिकलो. या भागातील चिवटपणा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो. पाण्यात बराच वेळ शिजल्यावरच त्याचे जिलेटिन होते आणि तुकडा ओठांना चिकटण्याइतका मऊ पडतो. नुसत्या तेलात ते साधत नाही. म्हणून आधी झुपका गॅसच्या ज्योतीवर जाळायचा. (हा वास पुढच्या खोलीतील हरिपाठापर्यंत जातो आणि टाळांचा आवाज एकाएकी वाढतो.) मग सुरीने खरवडायचे, हळद आणि ज्वारीचे पीठ चोळून धुवायचे. तुकडे सत्तूराने करायचे नाहीत, हाडाचा चुरा होतो. सुरीचे टोक फिरवत दोन मणक्यांमधला सांधा शोधायचा, तो सापडला की मणका आपोआप सुटतो. नंतर आले-लसूण, हळद, मीठ घालून कुकरला नऊ शिट्ट्या. सोबत एखादी नळी मिळाली तर तीही घालावी. कुत्र्याचे शेपूट नळीत घालून सरळ होत नाही हे खरे, परंतु बोकडाचे शेपूट नळीबरोबर घातले की अळणी पाणी मात्र असे उतरते, की गार झाल्यावर वाटी उलटी केली तरी सांडत नाही.

यानंतर तळण. शिजलेले तुकडे फडक्यावर कितीही कोरडे केले, तरी जिलेटिनने आत पाणी धरून ठेवलेले असते. काळा मसाला, तिखट आणि ज्वारीचे पीठ लावून तुकडा घाण्याच्या करडईच्या तेलात सोडला, की क्षणभर काहीच होत नाही. तो शहाण्यासारखा बुडबुडे सोडत पडून राहतो. आपण झारा पुढे नेतो. नेमक्या त्याच वेळी आतल्या पाण्याची वाफ होते, तुकडा कढईत उडी मारतो आणि तेलाचा एक थेंब अचूक माझ्या चष्म्याच्या वर, भुवईवर येऊन बसतो. तीन बुधवार भाजून घेतल्यानंतर मी कपाटातून रेनकोट काढला. तो मी 2016 साली लातुरात घेतला होता, म्हणजे ज्या वर्षी आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच वर्षी. दुकानदाराने त्यावर इतकी सूट दिली होती, की मोह आवरला नाही. तेव्हापासून त्याची घडी मोडली नव्हती. आता मे महिन्याच्या भर दुपारी, पत्र्याच्या पडवीत, अंगात रेनकोट आणि डोक्यावर स्कूटरचे हेल्मेट घालून मी शेपूट तळतो. शेजाऱ्यांची नात पहिल्यांदा मला पाहून रडली होती. आता ती मैत्रिणींना दाखवायला घेऊन येते.

वाढण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. शेपूट बुडाशी जाड असते आणि टोकाकडे निमुळते होत जाते, त्यामुळे त्याचे कोणतेही दोन तुकडे सारखे नसतात. म्हणजे ताटात काय पडले, यावरून घरातली आपली जागा ज्याला त्याला उघड कळते. बुंध्याचा तुकडा आईचा, त्यावर चर्चा नाही. पुढचे मुलाला आणि सुनेला. त्या उतरंडीत मी टोकापाशी आहे. गेल्या आखाडात पुण्याचे जावई आले, तेव्हा लेकीने मला बाजूला घेऊन बजावले, "बाबा, त्यांच्यासमोर शेपूट म्हणू नका." मी 'खास तुकडे' म्हणून वाढले. जावयांनी चार खाल्ले, भाकरी बाजूला ठेवली आणि हे नेमके कोणते मटण, असे विचारले. मी घसा साफ करीत असतानाच आई म्हणाली, "शेपूट हाय ते. मपलं होतं, पण खावा तुम्ही." जावई पुढे अर्धा तास फक्त दहीभात जेवले. मात्र आता दर फोनला ते सासूबाईंच्या तब्येतीनंतर लगेच शेपटाची चौकशी करतात, आणि एका बोकडाला एकच शेपूट असते, हे त्यांना पटवणे मला जमलेले नाही.

गेल्या रविवारी जेवणे झाल्यावर सहा वर्षांच्या नातवाने सगळ्यांच्या ताटांतले मणके गोळा केले, धुतले आणि ओट्यावर एकामागे एक लावून त्यांची आगगाडी केली. आईच्या ताटातला बुंधा हे इंजिन, शेवटी गहूभर मणक्याचा गार्डाचा डबा. मग तो मध्येच थांबला आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, "आबा, इथला डबा कुठे गेला?" पाचव्या मणक्यानंतर एकदम लहानसा सातवा लागलेला होता; एवढी स्पष्ट फट मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही.

"कढईपाशीच गेला असंल," आई डोळे मिटूनच म्हणाली.

"मीठ बघावं लागतं," मी म्हणालो.

"कुकरला नऊ शिट्ट्या झाल्यावर?" आतून सौभाग्यवतीने विचारले.