ताकद मनगटात नाही, तयारीत

बेसबॉलमध्ये हिटिंग (चेंडू जोरात टोलवणं) सुधारायचं तर खांदे आणि मनगटं कमवा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. जोर येतो पायांतून आणि कमरेतून. हात सगळ्यात शेवटी फिरतात. शिवाय ताशी ९५ मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरपाशी येतो, तिथे विचार करायला वेळ कुठला? तो आधीच करून यावं लागतं. अमेरिकेतला नामवंत बॅटर टोनी ग्विन स्वतःच्या बॅटिंगचे व्हिडिओ बारकाईने अभ्यासायचा. १९९४ मध्ये त्याची सरासरी होती .३९४, म्हणजे दर दहा संधींत जवळपास चार यशस्वी हिट!

इथे न्यू जर्सीत माझा मुलगा हायस्कूलच्या संघात खेळतो. ऑन-डेकला, म्हणजे पुढची पाळी येण्याची वाट बघत उभा असताना तो पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) प्रत्येक चेंडूबरोबर पुढचा पाय उचलून टायमिंग जुळवत राहतो आणि बॅटिंगच्या बॉक्समध्ये शिरताना लांब श्वास सोडतो. त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) कमी झाले ते यामुळेच, डंबेल्समुळे नाही. याबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.