बदुगीत ‘तीन ड्रॉ म्हणजे ७५ टक्के’ हा हिशेब साफ चुकीचा आहे

बदुगी पोकरवरचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. म्हापशाच्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि विचारलं, “मामा, हा हिशेब बरोबर ना?” विचारण्याआधीच त्या हिशेबावर विसंबून तो मित्रांसोबत पैसे लावून बसला होता. म्हणून हे जरा चिडूनच लिहितोय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातात चार पत्ते असतात. चारही वेगळ्या रंगांचे आणि वेगळ्या किमतीचे जमले की बदुगी झाली. एक्का सर्वांत लहान, आणि लहान हात जिंकतो. पत्ते बदलायला तीन ड्रॉ मिळतात. बदुगी कितीही मोठी असली तरी तीनच पत्ते जमलेल्या हातावर भारी पडते.

मेसेजचा पहिला दावा: “इस्पिक एक्का, बदाम दुर्री, चौकट तिर्री हातात आहे, किलवर हवं. कॅटमध्ये चौथा हिस्सा किलवर, म्हणजे एका ड्रॉला २५ टक्के, तीन ड्रॉला ७५.” अरे, मग पाच ड्रॉ असते तर १२५ टक्के झाले असते का? शक्यता अशा बेरजेने वाढत नाहीत. मुळात ते २५ टक्केही खरे नाहीत. किलवर १३ आहेत, पण त्यातला एक्का, दुर्री आणि तिर्री उपयोगाची नाही, कारण त्यांनी जोडी होते. उरले १०. तुम्ही चार पत्ते पाहिलेत, न पाहिलेले ४८. म्हणजे एका ड्रॉला ४८ पैकी १०, २०.८ टक्के. तीनदा हुकण्याची शक्यता काढायची तर ३८/४८, ३७/४७ आणि ३६/४६ यांचा गुणाकार करायचा. तो येतो ४८.८ टक्के. म्हणजे तिन्ही ड्रॉ हातात असताना बदुगी जमण्याची शक्यता ५१.२ टक्के. निम्म्याहून किंचित जास्त, एवढं मान्य. पण पहिला ड्रॉ हुकला की ती ३८.४ वर येते, आणि मेसेजवाला तेव्हाही ७५ च धरून बसलेला असतो.

दुसरा दावा: “दोनदा हुकलं की तिसऱ्यांदा येतंच.” यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. बिनकामाचे दोन पत्ते बाहेर गेले, म्हणून शेवटच्या ड्रॉला ४६ पैकी १० उरतात. २०.८ चे २१.७ टक्के होतात, इतकंच. पाचात चारदा तुम्ही तरीही हुकणार. आणि “मागचे तीन डाव आले नाही म्हणून आता येईल” ही पुढची ओळ तर निव्वळ थाप आहे. पत्ते पिसले की मागच्या डावाचं काहीच शिल्लक राहत नाही.

तिसरा दावा: “वाटतानाच बदुगी येणं जवळजवळ अशक्य. समोरचा एकही पत्ता न बदलता पॅट राहिला तर तो घाबरवतोय.” यासाठी कुठल्या पोकर गुरूची गरज नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत सहा रसांच्या मिश्रणांचे ६३ प्रकार मोजून दाखवले. तोच नियम इथे लावा: वर उतरत्या क्रमाने ५२×५१×५०×४९, खाली चढत्या क्रमाने १×२×३×४. चार पत्त्यांचे एकूण हात २,७०,७२५. त्यात बदुगी १३×१२×११×१० = १७,१६०. म्हणजे ६.३ टक्के, साधारण सोळा हातांत एक. एकट्यापुरतं हे कमी वाटतं. पण टेबलावर सहा जण असतील तर ढोबळमानाने दर तीन डावांत एकदा कुणाला तरी वाटतानाच बदुगी येते. पॅट राहून फसवणारे असतात, नाही असं नाही. पण प्रत्येक पॅटला थाप समजणारा खिसा रिकामा करूनच उठतो.

“दोन पत्ते बदलले की संधी दुप्पट” हेही चूक. एक्का-दुर्री ठेवून दोन बदलले तर त्या ड्रॉला बदुगी जास्तीत जास्त ९.८ टक्के वेळा जमते, म्हणजे एक पत्ता बदलण्याच्या निम्म्याहून कमी. “बाकीच्यांकडे किलवर अडकलेत” हे रडगाणंही सोडा. जे पत्ते दिसत नाहीत ते कॅटमध्ये असोत की दुसऱ्याच्या हातात, हिशेब तोच.

“घरबसल्या ऑनलाइन कमवा, हा कौशल्याचा खेळ आहे” असंही त्यात आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. आणि मांडवी नदीतल्या कॅसिनोंची दारं गोमंतकीयांना फेब्रुवारी २०२० पासून बंद आहेत.

आता ज्या दाव्याने भाच्याचे पैसे गेले तो: “एकाच पत्त्यासाठी अडलेला हात कधी टाकायचा नाही.” समजा शेवटचा ड्रॉ आहे आणि समोरचा पॅट आहे. त्याच्याकडे अठ्ठीची बदुगी आहे, म्हणजे तिच्यात सर्वांत मोठा पत्ता अठ्ठी. तुमच्या १० किलवरांपैकी नव्वी, दश्शी, गुलाम, राणी आणि राजा आले तर बदुगी होईल आणि तुम्ही हराल. नुसतं हरणार नाही, जमलं म्हणून आणखी पैसे घालून हराल. कामाची फक्त चव्वी ते अठ्ठी, म्हणजे ४६ पैकी ५, १०.९ टक्के. तिन्ही ड्रॉ हातात असते तरी २८.६ टक्के. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या पैशांत, ६०० रुपये आहेत आणि तुम्हाला १०० घालायचे आहेत असं धरा. दहाही पत्ते कामाचे असते तर सरासरी ५२ रुपये फायदा झाला असता. पाचच कामाचे असतील तर दर वेळी सरासरी २४ रुपये तोटा, आणि यात शेवटची बेट धरलेलीच नाही. त्या १०० रुपयांसाठी पॉट निदान ८२० चा हवा. त्याहून कमी असेल तर पत्ते टाकून डाव सोडायचा, मग हातात एक्का-दुर्री-तिर्री का असेना.