फडक्याची उपमा कुठे फसली: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, एवढं बारकाईनं वाचून लिहिलंत, मनापासून आभार. मागच्या लेखात किडनी रक्त कसं गाळते याचं गणिती मॉडेल समजावताना मी तिच्या गाळणीला पांढऱ्या रश्श्यासाठी नारळाचं दूध गाळायच्या फडक्याची उपमा दिली होती. तुमचं म्हणणं, अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या एका मुख्य प्रथिनाच्या) रेणूची त्रिज्या सुमारे 3.6 नॅनोमीटर आणि तिथल्या केशवाहिनीच्या भिंतीतली छिद्रं 60 ते 100 नॅनोमीटरची, मग ते अडतं कसं? आणि या गणिताचा पेशंटला उपयोग काय?

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. 'छिद्रं अल्ब्युमिनपेक्षा बारीक' हे माझं वाक्य चुकीचंच होतं, ते बदललंय. ही छिद्रं म्हणजे पहिला थर फक्त. त्यावर बुळबुळीत साखर-प्रथिनांचं अस्तर, मागे सुमारे 300 नॅनोमीटर जाडीचा जेलीसारखा पापुद्रा, आणि शेवटी गाळणीला बाहेरून बिलगलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशींच्या पायांमधल्या फटी. त्या फटींवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाची वीण असते. नेफ्रिनचं जनुक 1998 साली सापडलं, तेही जन्मापासूनच लघवीतून भरमसाट प्रथिनं जाणाऱ्या बाळांच्या आजाराचा माग काढताना. मॉडेलमध्ये आपण ज्यांना छिद्रं म्हणतो ती हिशेबापुरती मानलेली असतात, मायक्रोस्कोपखाली ती शोधायला जाऊ नये.

पण 'चाळणी ती चाळणी, मोठं अडतं, लहान जातं' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. आपल्याकडे रश्श्याच्या दिवशी ओलं खोबरं वाटून फडक्यात पिळतात ते आठवा. जोर लावला की चोथ्याचे कण दुधात उतरतात. किडनीत उलटं घडतं. अल्ब्युमिन दोन वाटांनी पुढे सरकतं: पाण्याच्या ओढीनं आणि स्वतःच्या विसरणानं, म्हणजे दाटीकडून विरळ बाजूला आपोआप पसरण्यानं. ओढ मंदावली तरी विसरण थांबत नाही. म्हणून पाणी कमी गाळलं जाऊ लागलं की गाळलेल्या प्रत्येक थेंबात अल्ब्युमिनचं प्रमाण वाढतं, गाळणीला कुठेही भोक न पडता! हे फडक्याकडे बघून कधीच कळलं नसतं, ते समीकरणानं दाखवलं.

आता पेशंट. माझ्या मामांना मधुमेह आहे. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन वाढलेलं दिसलं तेव्हा मामींनी विचारलं, "गाळणी फाटली का?" हिशेब बघा. दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं, रक्तद्रवात लिटरमागे साधारण 40 ग्रॅम अल्ब्युमिन. म्हणजे 7 किलोहून जास्त अल्ब्युमिन गाळणीच्या तोंडाशी येतं. उंदरांवरच्या मोजणीत पलीकडच्या द्रवात रक्ताच्या 0.0006 पट अल्ब्युमिन मिळालं. तेच प्रमाण माणसाला लावलं तर दिवसाला 4 ग्रॅमच्या आसपास. लघवीत मात्र 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी, कारण बाकीचं पुढच्या नलिका परत ओढून घेतात. म्हणजे दोष गाळणीचा, नलिकांचा की दोन्हींचा, हे एका रिपोर्टवरून मामींना सांगता येत नाही. कुठल्या बिघाडाचा वाटा किती, हे वेगळं काढायला मॉडेल लागतं.

गाळणीचा विद्युतभार अल्ब्युमिनला कितपत अडवतो, याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या लेखातला तो परिच्छेदही घाईचा झालाय. 1970 च्या दशकातले डेक्स्ट्रानचे प्रयोग मी शेवटचा शब्द असल्यासारखे मांडले. डेक्स्ट्रान ही साखरेच्या रेणूंची लवचिक साखळी आहे, अल्ब्युमिनसारखा घट्ट गोळा नव्हे, आणि भाराचा वाटा किती यावर वाद अजून चालू आहे. तो भाग या रविवारी नव्याने लिहितोय, तेव्हाही असंच तपासून सांगा.