कंदिलापाशी थोडं थांबा

कामगारवस्तीतलं छोटं संग्रहालय अर्ध्या तासात पाहून होतं, असं एका लेखात वाचलं. अजिबात पटलं नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीचंच उदाहरण घ्या. तिथल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होता. असा कंदील कुठे मांडलेला दिसला तर फोटो काढून लगेच पुढे सरकू नका. बाजूच्या दोन पोकळ नळ्या बघा. वरची हवा त्यांतून खाली बर्नरकडे येते, म्हणून वाऱ्यातही ज्योत टिकते.

मांडणाऱ्यांना कळकळीची विनंती: टाकीत रॉकेल राहू देऊ नका. त्यातलं पाणी तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग चांगला दिसतो नि एक दिवस तळ गळायला लागतो. टाकी मोकळ्या हवेत रिकामी करा, झाकण उघडं ठेवून दोन-तीन दिवस वाळवा. गंजाला तारेचा ब्रश नको, पत्र्यावर उठवलेलं नाव झिजतं. मऊ फडकं आणि थोडं मशीनचं तेल पुरे. नवा रंग तर मुळीच नको!

आणि कंदील देणाऱ्याच्या घरातलं कोण कारखान्यात कुठल्या खात्यात होतं, हे त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्या. भट्टीवरचा माणूस आणि पॅकिंगमधला माणूस एकाच कंदिलाबद्दल वेगवेगळं सांगतात, दोन्ही हवं.